माझ्या होकाराशिवाय

२ फेब्रुवारी, सोमवार

मी, मुकादम या नावाने सर्वांस परिचित, वय वर्षे एकाहत्तर, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, पूर्वीचा व्यवसाय रस्तेदुरुस्तीच्या टोळीवरील मुकादम, हल्ली धावपट्टी-निरीक्षक, राहणार मुलाच्या घरी, असे लिहून ठेवतो की, ही दैनंदिनी मी स्वहस्ते, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. अशा रीतीने लिहिण्याची मला सवय आहे. रस्त्यावर अपघात झाला की पंच म्हणून पहिली सही माझी घेतली जात असे, कारण टोळीत सही करू शकणारा मी एकटा होतो.

नव्या नोकरीचे स्वरूप नमूद करतो. गावाबाहेरच्या माळावर एक आखूड धावपट्टी आहे. तेथे दररोज सकाळी व दुपारी एक लहान मालवाहू विमान उतरते. त्यात रुग्णालयासाठी रक्ताच्या पिशव्या, औषधे व थोडे टपाल असते. वैमानिक नसतो. आत कोणीच नसते. ते आपले आपण येते व आपले आपण जाते. मात्र कायदा असा आहे की, उतरण्यापूर्वी पट्टी मोकळी आहे किंवा नाही हे एका जिवंत माणसाने डोळ्यांनी पाहून सांगितले पाहिजे. तो माणूस मी.

पट्टीच्या कडेला एक केबिन आहे. आत टेबल, खुर्ची, पडदा, पडद्याच्या वर कॅमेरा आणि दोन बटणे. विमान जवळ आले की पडद्यातून आवाज येतो, "धावपट्टी मोकळी आहे का? कृपया कळवा." हिरवे बटण दाबले की ते उतरते. लाल दाबले की परत जाते. काहीच दाबले नाही तर उत्तर मिळेपर्यंत आकाशात घिरट्या घालते. हे सर्व मला कंपनीच्या इंजिनिअरबाईंनी समजावून सांगितले. वयाने त्या माझ्या सुनेहून लहान आहेत, परंतु समजावण्याची पद्धत चांगली आहे.

रात्रीच्या जेवणाला सूनबाईने विचारले, "मग बाबा, दिवसभर तुम्ही करायचं काय?"

"होकार द्यावयाचा."

"आणि?"

"आणि काही नाही. माझ्या होकाराशिवाय ते उतरू शकत नाही."

ती म्हणाली, "कमाल आहे! घरात तुमचा होकार ऐकायला आम्ही वर्षानुवर्षं वाट बघतोय, आणि तिकडे रोज दोनदा देणार!" मुलगा हसला. मी हसलो नाही, परंतु मला राग आला असेही नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

खुर्चीला पाठ टेकता येते. सारा जन्म उभ्याने नोकरी केलेल्या माणसास बसून नोकरी करणे जड जाते. कंबर दुखते ती आता बसण्यामुळे दुखते.

आमच्या रस्त्याच्या कामात नियम सोपा होता. अर्धा रस्ता खोदलेला असे व उरलेल्या अर्ध्यावरून दोन्ही बाजूंची वाहने आळीपाळीने सोडावयाची असत. मी हिरवे निशाण वर केल्याखेरीज एकही वाहन हलत नसे. निशाण खाली असणे म्हणजेच थांबणे. त्यासाठी निराळे ओरडावे लागत नसे. एका मोठ्या साहेबांची गाडीही मी अशीच उन्हात उभी ठेवली होती आणि साहेबांनी काच खाली करून मला नमस्कार केला होता.

पट्टीच्या दोन्ही अंगांचे गवत कापण्याचे काम एका बाईकडे आहे. गवत वाढले की त्यात पाखरे बसतात आणि पाखरे विमानास घातक. बाई पन्नाशीची असावी. एक गुडघा धरतो, परंतु जीभ कोठेही धरत नाही.

"मुकादम, तुम्ही आत बसून काय करता हो?"

"विमानास उतरण्याची परवानगी देतो."

"ते मागतं?"

"मागते. कृपया म्हणून मागते."

"अगं बाई! मला जन्मात कुणी कृपया म्हटलं नाही. एकदा मलाही ऐकवा."

ती त्यास 'बिनडोक्याचं' म्हणते. "आलं बघा तुमचं बिनडोक्याचं." त्यास विमान म्हणावे, असे मी बजावले. ती म्हणाली, "आत माणूस नाही, म्हणजे डोकं नाही. हिशेब सरळ आहे." अशा बाईशी वाद घालू नये. तथापि मी घातला.

९ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी पट्टीच्या मधोमध एक कुत्रे ऊन खात बसले होते. मी लाल बटण दाबले. विमान आज्ञाधारकपणे परत फिरले.

दुपारी व्यवस्थापकसाहेबांचा फोन आला. "मुकादम, एका कुत्र्यासाठी तुम्ही रक्त परत पाठवलंत?"

"पट्टी मोकळी नव्हती."

"दगड मारायचा होतात की! अहो, एकेका लाल बटणामागे मला वर खुलासा द्यावा लागतो. का दाबलं, कुणी दाबलं, पर्याय काय होते. जरा जपून दाबत जा."

मी जपून दाबले नव्हते, असा याचा अर्थ होतो. सायंकाळपर्यंत तोच विचार डोक्यात होता. सबब ठरविले की यापुढे लाल बटणास हात लावावयाचा नाही. लाल दाबणे म्हणजे भर रस्त्यात आरडाओरडा करणे. हिरवे न देणे पुरेसे आहे. माझा सारा जन्म तेवढ्यावर निभावला.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

गेला आठवडा माझी पद्धत उत्तम चालली. आवाज आला की मी उठतो, दारात जातो, पट्टीची दोन्ही टोके पाहतो, मग परत येऊन होकार देतो. तोवर विमान वर फिरत राहते. एकदा बाईच्या डोक्यावर गवताचा भारा चढवून देईपर्यंत ते बराच वेळ घिरट्या घालीत होते. ते पाहून मला समाधान वाटले, हे मी नाकारीत नाही.

आज इंजिनिअरबाई आल्या. तोंड उतरलेले होते. रात्रभर काम केले असावे.

"काका, ते घिरट्या घालतं ना, तेव्हा त्याची बॅटरी संपत जाते. परवा अगदी जेमतेम उतरलं."

"परंतु उतरले."

"उतरलं. पण पुढच्या वेळी माळावर कुठेतरी पडेल. म्हणून आम्ही थोडा बदल केलाय. आता तुम्ही काही केलं नाही तरी चालेल."

काही केले नाही तरी चालेल. मला तोंडावर असे आजवर कोणी म्हटले नव्हते. पडद्याकडे बोट दाखवीत त्या पुढे बराच वेळ बोलत होत्या. लाल बटणाविषयीही काही सांगत होत्या. मी खिडकीबाहेर पाहत होतो. अपमान झाला असता समोरच्याकडे पाहू नये, असा माझा नियम आहे.

"काका, कळलं ना नीट?"

"मला सर्व कळते."

"मग इथे सही करा."

मी केली. नंतर विचारले, "हिरवे बटण काढून नेणार काय?"

त्यांनी माझ्याकडे काही वेळ पाहिले. "नाही काका. असू दे ते."

"दाबावयाचे ना?"

"दाबा की."

एवढे ठरल्यावर बाकीचा बदल माझ्या दृष्टीने किरकोळ आहे.

१८ फेब्रुवारी, बुधवार

सर्व पूर्ववत. हिरवे बटण दाबले. पडद्यावर 'धन्यवाद' आले. विमान उतरले. पाठदुखी.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

आज एक चमत्कारिक गोष्ट घडली. सकाळी मी दारात उभा राहून बाईस समजावीत होतो की भारा पट्टीवरून आडवा नेऊ नये, वळसा घालून न्यावा. ती म्हणत होती, "वळसा तुमच्या गुडघ्याने घाला." इतक्यात आवाज आला. मी आत येऊन खुर्चीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच विमान उतरलेसुद्धा. मी होकार दिलेला नव्हता.

दुपारपर्यंत यावर विचार केला. पडद्याच्या वर कॅमेरा आहे व तो दारापर्यंतचे सर्व पाहतो. पट्टी मोकळी होती. माझ्या चेहऱ्यावर हरकत नव्हती. ते त्याने ओळखले असावे. इतके दिवस एका माणसाच्या हाताखाली काम केल्यावर माणसासही त्याची नजर कळू लागते, मग हे तर हुशार यंत्र आहे. माझ्या टोळीतील जुनी माणसे अशीच होती. मी नुसते पाहिले तरी फावडे थांबत असे.

घरीही असेच आहे. संध्याकाळी नातीने विचारले, "आजोबा, तुमचा रेडिओ शाळेत नेऊ?" मी काही बोललो नाही. तिने रेडिओ मुकाट्याने फळीवर परत ठेवला. माझे न बोलणे म्हणजे नकार, हे आमच्या घरात पोराटोरांनाही ठाऊक आहे.

३ मार्च, मंगळवार

थकवा फार येतो. कामाचा नाही. काम होकाराएवढेच आहे. बहुधा वाट पाहण्याचा असावा. दोन होकारांच्या मधला वेळ पुरता सरत नाही, आणि घरी जाऊन पडले तरी कानात वारा वाजत राहतो.

विमानाचा आवाज कानी पडला की गवतवाली हातातला विळा तसाच घेऊन, धरलेला गुडघा ओढीत पट्टीवरून पलीकडे पळते. आज ती ठेचकाळून पडता पडता राहिली. मी तिला बोलावून चांगले खडसावले.

"उघडा विळा घेऊन धावतेस? पोटात गेला म्हणजे?"

"मग काय करू? बिनडोक्याच्या अंगाखाली जाऊ?"

"मी येथे बसलेला असताना धावण्याचे कारण नाही. तू पट्टीवर आहेस तोवर मी होकार देणार नाही. होकार नाही तर विमान नाही."

"नक्की?"

"मी एकदा बोललो म्हणजे बोललो."

तिने माझ्याकडे पाहिले. तिच्या पाहण्यात त्या वेळी थट्टा नव्हती. "बरं झालं," ती म्हणाली. "पळून पळून जीव जातो माझा."

११ मार्च, बुधवार

आज लिहिणे होत नाही. बाई जिवंत आहेत.

१२ मार्च, गुरुवार

काल सकाळी घडले ते क्रमाने लिहितो.

वारा जोराचा होता. बाई भारा घेऊन पट्टी ओलांडीत असता मधोमध तो सुटला. गवत पट्टीभर पसरले. पट्टीवर गवत राहू देऊ नये, हा त्यांना नेमून दिलेला नियम आहे. त्या वाकून ते गोळा करू लागल्या.

आवाज आला, "धावपट्टी मोकळी आहे का? कृपया कळवा." पट्टी मोकळी नव्हती. मी हिरवे दाबले नाही. कॅमेऱ्याकडे पाहिले. नजर कडक ठेवली. मग उठून दारात गेलो.

बाईंनी मान वर करून विचारले, "येतंय का?"

मी म्हणालो, "सावकाश आवर. मी होकार दिलेला नाही."

त्यांनी मान खाली घातली आणि पुन्हा गवत वेचू लागल्या. पाठ विमानाच्या दिशेला होती.

ते माळाच्या टोकाकडून खाली येताना मला दिसले. मला वाटले, घिरटी घेण्यासाठी खाली आले आहे. अजून वर जाईल, अजून वर जाईल, असे वाटत राहिले. मी ओरडू गेलो तेव्हा आवाज फुटला नाही. पंखाचे टोक त्यांना कमरेखाली लागले. विमान वाकडे होऊन गवतात शिरले व थांबले. दार उघडून औषधांची खोकी बाहेर पडली. पाठीमागे केबिनमध्ये पडदा बोलत होता. विमान सुखरूप उतरले, असे तो सांगत होता.

माल घ्यावयास आलेल्या रुग्णालयाच्या गाडीतूनच त्यांना नेले. मांडीचे हाड मोडले आहे व खुबा दुखावला आहे. गाडीत चढविताना त्या शुद्धीवर होत्या. माझ्याशी काही बोलल्या नाहीत.

१४ मार्च, शनिवार

व्यवस्थापकसाहेब घरी आले. पहिल्यांदाच आले. बूट काढू की नको, असे करीत दाराशी घुटमळले, मग काढून आत आले. सूनबाईने चहा केला.

साहेब म्हणाले, "मुकादम, तुमची चूक नाही. ती बाई न सांगता पट्टीवर घुसली. तुम्ही ओरडून तिला बाजूला व्हायला सांगितलंत, ती ऐकेना, उलट आडवी पळाली. असंच झालं ना?"

मी काही बोललो नाही.

"तुमच्यासारख्या जुन्या, शिस्तीच्या माणसाला यात ओढायचं नाही, असं वरच्यांचं मत आहे. चौकशी संपली की तुम्ही परत खुर्चीवर. वाटल्यास तुमच्या हाताखाली एक माणूस देऊ."

मी काही बोललो नाही. भिंतीकडे पाहत राहिलो.

"मग हेच ठेवू," ते म्हणाले. "मजकूर आज वर पाठवतो, सही सवडीने घेऊ. चहा छान झाला, वहिनी."

ते गेल्यावर मी सूनबाईला म्हणालो, "माणसाला समजले असेल. मी स्पष्ट नकार दिला आहे."

तिने कपबशा उचलता उचलता माझ्याकडे पाहिले. "कधी दिलात?"

"एक शब्दही बोललो नाही."

"बाबा," ती म्हणाली, "तो माणूस हो समजून गेला."

"असे कसे समजेल?"

"तुमचं गप्प बसणं म्हणजे नाही, हे आम्हाला ठाऊक. आम्ही तुमच्यासोबत राहतो. आम्ही शिकलोय ते. बाहेरच्यांना कुणी शिकवायचं?" मग थोडे थांबून म्हणाली, "आणि आम्हाला तरी शिकताना काय सोपं गेलं?"

मी उठून रेडिओ लावला. तिने त्याचाही काही अर्थ लावला असेल.

१६ मार्च, सोमवार

रुग्णालयात गेलो. स्त्रियांचा विभाग, खिडकीजवळची खाट. पाय वजन लावून टांगून ठेवला आहे. बाईंचा चेहरा लहान झाला आहे. मी उभा राहिलो. बसा, असे त्यांनी म्हटले नाही.

"साहेबांचा माणूस येऊन गेला," त्या म्हणाल्या. "मी आडवी पळाले म्हणतो. माझीच चूक, म्हणून कंपनी औषधपाणी बघणार नाही, आणि कामावर परत घेणार नाही. मुकादम, मी पळाले का?"

मी त्यांच्या टांगलेल्या पायाकडे पाहत होतो.

"रोज पळत होते. त्याच दिवशी नाही पळाले. का नाही पळाले?"

मी खाटेला अडकविलेला कागद वाचू लागलो.

"बोला की. बटणापाशी बसून बोलायचं विसरलात काय?"

पलीकडच्या खाटेवरील म्हातारी या कुशीवरून त्या कुशीवर वळली व आमच्याकडे पाहू लागली. मी निघून आलो. पाठीमागून हाक आली नाही.

१७ मार्च, मंगळवार

दुपारी इंजिनिअरबाई आल्या. सूनबाईने त्यांना आत बसविले. पाणी दिले ते त्यांनी हातातच धरून ठेवले.

मी सरळ विचारले, "यंत्राने माझी अवज्ञा का केली?"

"अवज्ञा नाही केली काका. तुम्ही लाल दाबलं नाहीत. लाल दाबलं नाही तर उतरायचं, असं त्याला सांगितलेलं आहे."

"कधीपासून?"

"मी आले होते ना? सही घेतली होती तुमची. मी सगळं सांगितलं होतं..." त्या थांबल्या. "तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. मला ते दिसत होतं. मला अजून दोन ठिकाणी जायचं होतं. मी पुन्हा विचारायला हवं होतं, तुम्हाला काय कळलं ते सांगा म्हणून. ते नाही केलं."

"मग हिरवे बटण? त्या दिवसापासून ते काय करीत होते?"

त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"काही नाही."

"धन्यवाद येत असे."

"तेवढंच येत होतं."

"मग ठेवले कशास?"

"तुम्ही विचारलंत, काढून नेणार का. तुमचा चेहरा बघून माझ्याच्याने हो म्हणवेना. म्हटलं, तुम्हाला वाईट वाटू नये. माझे वडील निवृत्त झाल्यावर असेच..." पुढचे त्या बोलल्या नाहीत.

सूनबाई आतल्या दारात उभी होती. हाताने काही चुकले तर माणूस हात धुतो, शिक्षा भोगतो. मी इतके दिवस वेळेवर पोहोचलो, सदरा स्वच्छ ठेवला, पट्टीची दोन्ही टोके पाहिली आणि बोट टेकविले, आणि त्या बोटाखाली काहीच नव्हते. विमानासाठी मी त्या खोलीत नव्हतोच. फक्त एका माणसासाठी होतो. माझ्या शब्दाने जगात एकच गोष्ट थांबली, ती म्हणजे त्या बाईंचे पळणे.

इंजिनिअरबाईंनी विचारले, "काका, चौकशी अधिकारी परवा रुग्णालयात त्या बाईंकडे येणार आहेत. साहेबांनी तुमच्या नावाने पाठवलेला मजकूर त्यांच्याकडे पोहोचलाय. तो तुमचाच आहे ना?"

"नाही," मी म्हणालो.

आतल्या दारातून सूनबाई म्हणाली, "बाबा, पुन्हा एकदा म्हणा. ऐकायला बरं वाटतं."

१९ मार्च, गुरुवार

आज रुग्णालयात, स्त्रियांच्या विभागात, खिडकीजवळच्या खाटेपाशी मी चौकशी अधिकाऱ्यांसमोर जबानी दिली. अधिकारी थकलेले गृहस्थ होते. पिशवीत दुपारचा डबा होता व तो अजून उघडलेला नव्हता. त्यांनी आधी साहेबांचा मजकूर वाचून दाखविला. मी सांगितले की, यातील एकही वाक्य माझे नाही. मग माझे सांगतो ते लिहून घ्या.

मी सांगितले की, बाई न सांगता आल्या नाहीत. गवत उचलणे हे त्यांचे नेमून दिलेले काम होते. त्या आडव्या पळाल्या नाहीत. त्या रोज पळत असत आणि त्यांचे पळणे बरोबर होते. मी त्यांना पळू नका असे बजावले होते. घटनेच्या वेळीही त्यांनी मान वर करून विचारले आणि मी सावकाश आवरण्यास सांगितले. लाल बटण मी दाबले नाही. दाबण्याचा विचारही केला नाही. ते दाबल्यास बोलणी खावी लागतात, म्हणून मी त्यास हात लावण्याचे सोडून दिले होते.

अधिकारी लिहिता लिहिता थांबले. "आजोबा, हे तुमच्यावर येतंय, कळतंय ना?"

"मला सर्व..." असे म्हणून मी थांबलो. "जितके कळते तितके कळते. आपण लिहा."

"बदल झाल्याचं तुम्हाला सांगितलं होतं का?"

"सांगितले होते. मी ऐकले नाही."

दाराकडून इंजिनिअरबाई म्हणाल्या, "ऐकलं नाही हे मला दिसलं होतं. तेही लिहा. आणि हिरवं बटण उगीच चालू ठेवलं होतं, तेही." त्या आल्याचे तोवर कोणाच्या लक्षात आले नव्हते. अधिकाऱ्यांनी विचारले, आपली नोकरी आपल्याला नको आहे काय. त्या म्हणाल्या, "हवी आहे. लिहा."

अधिकाऱ्यांनी मला शेवटचा प्रश्न विचारला. "तुम्ही हिरवं दिलं नाही तर विमान उतरणार नाही, असं बाईंना सांगितलंत. त्या बदलानंतर हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"कोणीही नाही. मीच ठरविले."

ते लिहून झाल्यावर मी खाटेकडे वळलो आणि म्हणालो, "तुम्ही पळाला नाहीत. माझ्या सांगण्यावरून थांबलात." त्यांना तुम्ही म्हणण्याची माझी ही पहिली वेळ. थोडा अडखळलो.

बाई म्हणाल्या, "मोठ्याने बोला. त्या पलीकडच्या आजीला ऐकू नाही गेलं. चार दिवस मला विचारतेय, का गं पळालीस म्हणून."

मी पुन्हा बोललो. विभागातील सर्वांनी ऐकले. बाईंनी मला क्षमा केली असे मी म्हणत नाही. तसे त्यांनी दर्शविले नाही व मीही विचारले नाही. त्यांनी फक्त मला बसण्यास सांगितले.

जबानी मला वाचून दाखविण्यात आली. ती बरोबर आहे.

समक्ष हजर साक्षीदार:

माझी सूनबाई. सर्व वेळ माझ्या उजव्या बाजूस उभी होती.

इंजिनिअरबाई. त्यांना बोलावलेले नव्हते. सही सर्वांच्या आधी त्यांनी केली.

पलीकडच्या खाटेवरील वृद्ध बाई. सही येत नाही, अंगठा दिला.

विभागातील परिचारिका. मध्ये इंजेक्शन देण्यास गेल्या होत्या, सबब अर्ध्या जबानीपुरत्या साक्षीदार.

व्यवस्थापकसाहेब. बोलावले होते, आले नाहीत.

गवत कापणाऱ्या बाई. वय त्यांनी सांगितले नाही. संपूर्ण वेळ जाग्या होत्या.